धातू आणि आम्ल: अभिक्रियेतून काय तयार होईल, हे आधीच कसे ओळखावे?

शाळेत आपण एक नियम पाठ करतो: धातू आणि विरल आम्ल यांची अभिक्रिया झाली की धातूचा क्षार तयार होतो आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जस्ताचे तुकडे, मॅग्नेशिअमची फीत आणि लोखंडाचा कीस यांच्या बाबतीत हा नियम चोख चालतो. मात्र अकरावीत तांब्याच्या तुकड्यावर नायट्रिक आम्ल टाकले की हायड्रोजन येतच नाही. तपकिरी रंगाचा, घसा जाळणारा वायू येतो आणि द्रावण हिरवे-निळे होते. मग विद्यार्थी हा ‘अपवाद’ म्हणून वेगळा पाठ करतो. त्यानंतर कथिलाचा अपवाद येतो, शिशाचा येतो, अ‍ॅल्युमिनिअमचा येतो, आणि थोड्याच दिवसांत नियमापेक्षा अपवादांची वही जाड होते.

ही वही ठेवण्याची गरज नाही. धातू आणि आम्ल यांच्या प्रत्येक अभिक्रियेला एकच प्रश्न विचारायचा असतो: धातूने सोडलेले इलेक्ट्रॉन कोणी घेतले? त्याचे उत्तर मिळाले की उत्पादिते बहुतेक वेळा आपोआप लिहिता येतात. तो प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचा आणि उत्तर कसे पडताळायचे, हे या लेखात नवशिक्यांसाठी पायरीपायरीने दिले आहे. समीकरणे शब्दांत लिहिली असून पदार्थाच्या आधीचा आकडा मोलचे प्रमाण दाखवतो.

पायरी १: देणारा ठरलेला आहे, घेणारा शोधा

इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि इलेक्ट्रॉन मिळवणे म्हणजे क्षपण. या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात, कारण एकाने सोडलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणीतरी घ्यावाच लागतो. धातू आणि आम्ल यांच्या अभिक्रियेत देणारा नेहमी धातूच असतो. त्यामुळे विचार करायचा तो फक्त घेणाऱ्याचा, आणि त्या जागेसाठी परीक्षानळीत तीन उमेदवार असतात.

पहिला उमेदवार म्हणजे आम्लाचा हायड्रोजन आयन. तो इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन वायू होतो. दुसरा उमेदवार म्हणजे आम्लाचा उरलेला भाग, म्हणजे नायट्रेट किंवा संहत आम्लातील सल्फेट. नायट्रेटमधील नायट्रोजनचा ऑक्सिडीकरण अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले असे मानायचे, तो आकडा) +५ आणि सल्फेटमधील गंधकाचा +६ असतो. दोघेही आपापल्या सर्वोच्च स्थितीत असल्यामुळे खाली उतरायला, म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायला, त्यांना वाव असतो. तिसरा उमेदवार हवेतून द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन. पुस्तकात तो सहसा दिसत नाही, पण स्वयंपाकघरात तो रोज काम करतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड या यादीत नाही, कारण क्लोरीन तिथे −१ या सर्वांत खालच्या स्थितीत असतो आणि त्याला आणखी इलेक्ट्रॉन घेता येत नाही. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल विरल असो वा संहत, त्याच्याकडे घेणारा एकच, हायड्रोजन आयन. इथे एक सावधगिरी हवी. मूलद्रव्य सर्वोच्च स्थितीत आहे एवढ्यावरून ते इलेक्ट्रॉन घेईलच असे म्हणता येत नाही. फॉस्फोरिक आम्लातील फॉस्फरस +५ वरच असतो, तरी साध्या परिस्थितीत तो धातूकडून इलेक्ट्रॉन घेत नाही. त्यामुळे फॉस्फोरिक आम्ल आणि व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्ल हीसुद्धा ‘फक्त हायड्रोजन आयनवाली’ आम्ले समजावीत.

पायरी २: विभवांची यादी जवळ ठेवा

कोणता धातू कोणाला इलेक्ट्रॉन देऊ शकेल, हे मानक इलेक्ट्रोड विभवावरून, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा कल दाखवणाऱ्या आकड्यावरून, कळते. पाठ्यपुस्तकातील अभिक्रियाशीलता श्रेणी हे याच यादीचे आकडे काढून टाकलेले रूप आहे. सुरुवातीला पुढील आकडे पुरेसे आहेत. सर्व व्होल्टमध्ये आहेत.

मॅग्नेशिअम −२.३७
अ‍ॅल्युमिनिअम −१.६६
मँगनीज −१.१८
जस्त −०.७६
लोह −०.४४
निकेल −०.२५
कथिल −०.१४
शिसे −०.१३
हायड्रोजन ०.००
तांबे +०.३४
चांदी +०.८०
सोने +१.५०

याच्या जोडीला घेणाऱ्यांचे तीन आकडे लक्षात ठेवावेत: हायड्रोजन आयनाचा ०.००, नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड होतानाचा +०.९६ आणि आम्लधर्मी द्रावणातील ऑक्सिजनचा +१.२३. घेणाऱ्याचा आकडा धातूच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर अभिक्रिया शक्य आहे. लहान असेल, तर साधारण परिस्थितीत ती होणार नाही.

एवढ्यावरच बरेच काही सांगता येते. जस्ताचा −०.७६ हा हायड्रोजनच्या ०.०० पेक्षा लहान, म्हणून जस्त हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते. चांदीचा +०.८० हा ०.०० पेक्षा मोठा, म्हणून तिथे चांदीला काही होत नाही. पण तोच आकडा नायट्रेटच्या +०.९६ पेक्षा लहान असल्यामुळे नायट्रिक आम्लात चांदी विरघळते. सोन्याचा +१.५० नायट्रेटच्याही वर आहे, म्हणून सोने टिकते. सराफाच्या कसोटीच्या दगडावर दागिना घासून त्या रेघेवर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, लावतात, तेव्हा हीच तुलना डोळ्यांनी पाहिली जाते: तांब्या-पितळेची रेघ नाहीशी होते आणि सोन्याची राहते.

पायरी ३: साधी आम्ले आणि हायड्रोजनच्या वरचे धातू

आम्ल हायड्रोक्लोरिक किंवा विरल सल्फ्युरिक असेल आणि धातू यादीत हायड्रोजनच्या वर असेल, तर उत्पादिते क्षार आणि हायड्रोजन हीच. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये ज्या ‘ज्वलनशील हवे’चे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडले, ती जस्त, लोखंड आणि कथिल यांच्यावर अशीच आम्ले टाकून मिळवलेली होती.

१ जस्त + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → १ झिंक क्लोराइड + १ हायड्रोजन

खरी अडचण पुढे येते. ज्या धातूला एकाहून अधिक संयुजा आहेत, त्याचा कोणता क्षार लिहायचा? लोखंड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यापासून फेरिक क्लोराइड लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. लोहाचा +३ हा आकडा त्यांच्या मनात पक्का बसलेला असतो, म्हणून ते तसे लिहितात. वास्तविक इथेही तोच प्रश्न विचारायचा. लोह +२ वरून +३ वर नेण्यासाठी घेणाऱ्याचा विभव +०.७७ पेक्षा मोठा हवा. हायड्रोजन आयनाचा ०.०० आहे. त्यामुळे तो लोहाला +२ पर्यंतच नेऊ शकतो आणि तिथे थांबतो. उत्तर फेरस क्लोराइड. द्रावण फिकट हिरवट दिसते. ते उघडे राहिले तर हळूहळू पिवळसर होत जाते, कारण आता तिसरा उमेदवार, हवेतला ऑक्सिजन, कामाला लागलेला असतो.

कथिलाचेही तसेच आहे. +२ वरून +४ वर जाण्यासाठी +०.१५ लागतो, म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लात स्टॅनस क्लोराइड मिळते, स्टॅनिक नाही. क्रोमियम हवा वगळून विरघळवले तर आधी +२ स्थितीचे सुंदर निळे द्रावण मिळते आणि हवा लागताच ते +३ स्थितीत जाऊन हिरवे होते. या तीन उदाहरणांतून एक कामाचा नियम निघतो: घेणारा फक्त हायड्रोजन आयन असेल, तर बहुसंयुजी धातूची खालची स्थिती लिहावी.

आता वेगाविषयी. विभवांची यादी अभिक्रिया शक्य आहे की नाही एवढेच सांगते. ती किती वेळात होईल, हे सांगत नाही. अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की सुरुवातीला काहीच घडत नाही, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो. तो थर विरघळला की मग मात्र बुडबुडे जोरात येऊ लागतात आणि नळी गरम होते. अतिशुद्ध जस्त विरल सल्फ्युरिक आम्लात आश्चर्य वाटावे इतके सुस्त असते. त्यात मोरचूदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणाचे चार थेंब टाकले की जस्तावर तांब्याचे कण बसतात, जस्त इलेक्ट्रॉन सोडते, ते तांब्यापर्यंत वाहत जातात आणि तांब्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहज तयार होऊ लागतो. प्रयोगशाळेत हायड्रोजनसाठी शुद्ध जस्ताऐवजी दाणेदार, थोडे अशुद्ध जस्त वापरण्याचे कारण हेच आहे.

शिशाच्या बाबतीत अडसर क्षाराचाच असतो. लेड सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि लेड क्लोराइड थंड पाण्यात फारच थोडे विरघळते. अभिक्रिया सुरू होताच धातूवर या क्षाराचे पांढरे कवच चढते आणि आम्ल आत पोचत नाही. वाहनाच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या सल्फ्युरिक आम्लात वर्षानुवर्षे उभ्या राहतात, त्यामागे हे एक कारण आहे. कॅल्शिअम आणि विरल सल्फ्युरिक आम्ल यांची अभिक्रियाही कॅल्शिअम सल्फेटच्या थरामुळे मंदावते. म्हणून क्षाराचे नाव लिहिल्यावर तो विरघळणारा आहे की नाही, हे लगेच तपासण्याची सवय लावून घ्यावी.

सोडिअम आणि पोटॅशिअम हे धातू आम्लात टाकण्याचा विचारही करू नये. उत्पादिते कागदावर साधी दिसतात, पण अभिक्रिया स्फोटासारखी होते.

पायरी ४: अभिक्रिया होणार नाही, असे म्हणण्यापूर्वी

तांबे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे उत्तर ‘अभिक्रिया नाही’ असे आहे, आणि तेच बरोबर आहे. तरी आपल्या घरातला अनुभव याच्या उलट बोलतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, आणि चिंच किंवा आमसुलाची आमटीही तशा भांड्यात ठेवू नये असे घरातली मोठी माणसे बजावतात. तांबे जर हायड्रोजनला हटवू शकत नसेल, तर ते ताकात उतरले कसे?

उत्तर तिसऱ्या उमेदवारात आहे. ताकातील लॅक्टिक आम्लाच्या हायड्रोजन आयनाला तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेता येत नाहीत, पण हवेतील ऑक्सिजनला येतात, कारण +१.२३ हा +०.३४ पेक्षा बराच मोठा आहे. हायड्रोजन आयन इथे पाणी तयार होण्यासाठी खर्च होतात. ते इलेक्ट्रॉन घेत नाहीत.

२ तांबे + १ ऑक्सिजन + ४ हायड्रोजन आयन → २ तांब्याचे आयन + २ पाणी

ही अभिक्रिया मंद असते, बुडबुडे दिसत नाहीत, पण चवीत आणि हिरवट डागांत ती कळते. पितळेत जस्तही असते आणि ते तर अधिकच सहज आयन बनते. कल्हईने कथिलाचा थर मध्ये आला की हा मार्ग बंद होतो.

याच्याशी गल्लत होईल असे आणखी एक घरगुती उदाहरण आहे. काळपट पडलेला तांब्या चिंच-मिठाने घासला की लख्ख होतो. त्यावेळी मुख्यतः विरघळतो तो तांब्यावर साचलेला ऑक्साइडचा थर. कॉपर ऑक्साइडमध्ये तांबे आधीच +२ स्थितीत असते आणि विरघळल्यावरही +२ मध्येच राहते. म्हणजे इलेक्ट्रॉनची देवघेव होत नाही आणि ही रेडॉक्स अभिक्रियाच नव्हे, ती आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया आहे. परीक्षेत ‘कॉपर ऑक्साइड आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल’ असा प्रश्न आला, तर हायड्रोजन लिहून बसू नये. अभिक्रियाकारक धातू आहे की धातूचा ऑक्साइड, हे आधी नीट वाचावे.

पायरी ५: नायट्रिक आम्ल

इथे थोडे थांबून वाचावे, कारण या विषयातील निम्म्याहून अधिक गोंधळ याच आम्लाने केलेला असतो. नायट्रिक आम्लात घेणारा मुख्यतः नायट्रेट असतो, म्हणून हायड्रोजन लिहिण्याची सवय इथे मोडावी लागते. (मॅग्नेशिअम आणि मँगनीज अगदी विरल, १ ते २ टक्क्यांच्या थंड नायट्रिक आम्लात हायड्रोजन देतात. एवढा एकच अपवाद लक्षात ठेवावा.) प्रश्न आता असा होतो: नायट्रोजन +५ वरून किती खाली उतरेल? तो +४ वर नायट्रोजन डायऑक्साइड, +२ वर नायट्रिक ऑक्साइड, +१ वर नायट्रस ऑक्साइड, ० वर नायट्रोजन आणि −३ वर अमोनिअम आयन होऊ शकतो.

हे ठरवणाऱ्या गोष्टी दोन: आम्ल किती तीव्र, म्हणजे संहत, आहे आणि धातू किती जोरकस क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, आहे.

आम्ल संहत असेल (बाजारात मिळणारे साधारण ६८ ते ७० टक्क्यांचे असते), तर मुख्य उत्पादित नायट्रोजन डायऑक्साइड. आम्ल विरल असेल आणि धातू तांबे, चांदी किंवा शिसे यांच्यासारखा दुबळा क्षपणक असेल, तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. आम्ल विरल आणि धातू जस्तासारखा जोरकस असेल, तर नायट्रोजन अधिक खाली जातो: नायट्रस ऑक्साइडपर्यंत, आणि आम्ल फारच विरल असेल तर थेट अमोनिअमपर्यंत.

तीव्र आम्लात नायट्रोजन कमी उतरतो, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. तीव्र आम्ल म्हणजे अधिक जोर, मग बदलही अधिक नको का? कारण असे आहे की नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात टिकत नाही. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचे नायट्रिक आम्ल आणि नायट्रिक ऑक्साइड होते. विरल आम्लात पाणी भरपूर असते, म्हणून नायट्रिक ऑक्साइड उरतो. संहत आम्लात पाणी थोडे आणि नायट्रिक आम्ल भरपूर. तिथे हीच अभिक्रिया उलट दिशेने जाते आणि तयार झालेल्या नायट्रिक ऑक्साइडचेही डायऑक्साइडमध्ये ऑक्सिडीकरण होते.

आता संतुलन. समीकरण पाठ करू नये. इलेक्ट्रॉन मोजून लिहावे. विरल नायट्रिक आम्लात तांबे घ्या. तांब्याचा प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन देतो. नायट्रोजन +५ वरून +२ वर येताना ३ घेतो. दोघांचा हिशेब ६ वर जुळतो, म्हणून ३ तांबे आणि २ नायट्रिक ऑक्साइड. पण ३ कॉपर नायट्रेट बनवायला आणखी ६ नायट्रेट लागतात, आणि ते स्वतः न बदलता क्षारात जातात. म्हणून एकूण आम्ल २ + ६ = ८. आठ हायड्रोजनांचे ४ पाणी.

३ तांबे + ८ नायट्रिक आम्ल → ३ कॉपर नायट्रेट + २ नायट्रिक ऑक्साइड + ४ पाणी

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक या ‘आणखी ६’ मध्ये होते. नायट्रिक आम्ल इथे दोन कामे करते: काही रेणू इलेक्ट्रॉन घेतात, उरलेले नुसता क्षार पुरवतात. हे दोन वाटे वेगळे मोजले की कोणतेही नायट्रिक आम्लाचे समीकरण जुळते. संहत आम्लासाठी नायट्रोजन एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून १ तांब्याला २ नायट्रोजन डायऑक्साइड, शिवाय क्षारासाठी २ नायट्रेट. एकूण ४ आम्ल आणि २ पाणी.

१ तांबे + ४ नायट्रिक आम्ल → १ कॉपर नायट्रेट + २ नायट्रोजन डायऑक्साइड + २ पाणी

जस्त आणि अतिविरल आम्ल यांचे समीकरण स्वतः करून पाहावे. जस्त २ देते, नायट्रोजन −३ वर जाताना ८ घेतो, म्हणून ४ जस्ताला १ अमोनिअम. ४ झिंक नायट्रेटसाठी ८ नायट्रेट, अमोनिअम नायट्रेटसाठी १, बदललेला १, एकूण १०.

४ जस्त + १० नायट्रिक आम्ल → ४ झिंक नायट्रेट + १ अमोनिअम नायट्रेट + ३ पाणी

या अभिक्रियेत वायू दिसत नाही, कारण अमोनिअम द्रावणातच राहतो. तो ओळखण्यासाठी कॉस्टिक सोडा घालून गरम करतात आणि बाहेर पडणाऱ्या अमोनियाने ओला तांबडा लिटमस निळा होतो का, हे पाहतात. मात्र त्याआधी उरलेले जस्त गाळून काढणे आवश्यक आहे. अल्कधर्मी द्रावणात जस्त स्वतःच नायट्रेटचे अमोनियात क्षपण करते, आणि मग परीक्षण नेमके कशाचे झाले, हे सांगता येत नाही.

दुसरी फसगत रंगाची. विरल आम्लात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो, पण नळीच्या तोंडाशी हवा लागताच तो तपकिरी डायऑक्साइड बनतो. म्हणून नळीच्या वरच्या टोकाचा रंग पाहून निष्कर्ष काढू नये. द्रावणाच्या लगतचा वायू रंगहीन आहे की तपकिरी, हे पाहावे. तसेच संहत आम्लात तांब्याचे द्रावण हिरवे दिसते ते त्यात विरघळलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे. पाणी घातले की नेहमीचा निळा रंग येतो.

लोखंडाचा क्षार कोणता लिहायचा, तेही आता ठरवता येते. नायट्रेटचा +०.९६ हा +०.७७ च्या वर आहे, म्हणून आम्ल पुरेसे असेल तर लोह +३ पर्यंत जाते. लोखंड जास्त असेल, तर उरलेला धातूच फेरिक आयनांना इलेक्ट्रॉन देऊन फेरसमध्ये परत आणतो. म्हणजे ‘कोणाचे प्रमाण जास्त आहे’ हा शब्द प्रश्नात आला तर तो महत्त्वाचा समजावा.

१ लोह + ४ नायट्रिक आम्ल → १ फेरिक नायट्रेट + १ नायट्रिक ऑक्साइड + २ पाणी

कथिल संहत नायट्रिक आम्लात +४ वर जाते, पण त्याचा नायट्रेट टिकत नाही. पांढरा, न विरघळणारा जलयुक्त स्टॅनिक ऑक्साइड तळाशी बसतो. आणि लोखंड, क्रोमियम व अ‍ॅल्युमिनिअम हे तिघे संहत नायट्रिक आम्लात जवळजवळ शांत राहतात. जेम्स किअर यांनी १७९० मध्ये लोखंडाचे हे वागणे नोंदवले होते. आम्ल इतके जोरकस असते की पृष्ठभागावर क्षणात ऑक्साइडचा अखंड थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. याला निष्क्रियता म्हणतात, आणि म्हणूनच संहत नायट्रिक आम्लाची वाहतूक अ‍ॅल्युमिनिअमच्या टाक्यांतून करता येते. यादी पाहून ‘शक्य’ असे उत्तर आले, तरी या तीन धातूंपाशी थांबून आम्लाची तीव्रता पुन्हा वाचावी.

नायट्रोजन डायऑक्साइडबद्दल गंभीरपणे सांगितले पाहिजे. हा वायू श्वासात गेल्यावर लगेच फारसे काही वाटत नाही आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते. त्यामुळे हा प्रयोग वायुनिष्कासन कपाटातच, शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा आणि हातमोजे घालून करावा. घरी तो करू नये.

पायरी ६: संहत सल्फ्युरिक आम्ल

विरल सल्फ्युरिक आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लाचे भावंड आहे. ९८ टक्क्यांचे संहत आणि गरम आम्ल मात्र वेगळाच पदार्थ समजावा. त्यात आयन कमी आणि अखंड रेणू जास्त असतात, आणि घेणारा गंधक असतो. तो साधारणतः +६ वरून +४ वर येतो, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तांबे, चांदी आणि जस्त हे तिन्ही त्यात विरघळतात.

१ तांबे + २ सल्फ्युरिक आम्ल → १ कॉपर सल्फेट + १ सल्फर डायऑक्साइड + २ पाणी

इथे यादीशी विसंगती दिसेल. सल्फेटपासून सल्फर डायऑक्साइड होतानाचा मानक विभव सुमारे +०.१७ आहे, तांब्याच्या +०.३४ पेक्षा कमी. तरी अभिक्रिया होते. कारण मानक आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आणि ठरावीक तीव्रतेचे असतात, आणि इथे आम्ल अतितीव्र, तापमान जास्त व तयार झालेला वायू सतत निघून जाणारा. या तिन्हींमुळे तराजू पुढे झुकतो. थंड असताना तांबे तसेच पडून राहते.

जस्तासारखा जोरकस धातू असेल, तर गंधक आणखी खाली, मूळ गंधक किंवा हायड्रोजन सल्फाइडपर्यंत जाऊ शकतो. थंड संहत आम्लात लोखंडावर सल्फेटचा संरक्षक थर बसतो, म्हणून हे आम्ल पोलादी टँकरमधून नेतात. त्या टँकरमध्ये पाणी शिरून आम्ल विरल झाले की मात्र थर निघून जातो, अभिक्रिया तिसऱ्या पायरीवर येते आणि बंद टाकीत हायड्रोजन साचू लागतो.

पायरी ७: सोने आणि आम्लराज

सोन्याचा +१.५० नायट्रेटच्या आवाक्याबाहेर आहे. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे ३ भाग आणि संहत नायट्रिक आम्लाचा १ भाग मिसळला की आम्लराज तयार होते आणि त्यात सोने विरघळते. नायट्रिक आम्ल अचानक बलवान झालेले नसते. क्लोराइड आयन सोन्याच्या आयनाला चारही बाजूंनी धरून ठेवतात, त्यामुळे सोन्याचा विभव सुमारे +१.०० पर्यंत उतरतो आणि नायट्रेटला ते जमू लागते.

१ सोने + १ नायट्रिक आम्ल + ४ हायड्रोक्लोरिक आम्ल → १ क्लोरोऑरिक आम्ल + १ नायट्रिक ऑक्साइड + २ पाणी

१९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये आले, तेव्हा जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फॉन लाउअ आणि जेम्स फ्रँक यांची नोबेल पदके आम्लराजात विरघळवून ते द्रावण नील्स बोर यांच्या संस्थेतल्या फळीवर ठेवून दिले. युद्धानंतर त्यातून सोने परत मिळवण्यात आले आणि पदके पुन्हा घडवली गेली. धातू ‘नाहीसा’ होत नाही, इलेक्ट्रॉन परत दिले की तो परत येतो, हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

सर्व पायऱ्या एकत्र: गलाईचे उदाहरण

सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी भारतभर पसरले आहेत. त्यांच्या कामातील एक टप्पा सरावासाठी घेऊ. जुन्या दागिन्यात सोने, चांदी आणि तांबे आहे. त्यातील सोने वेगळे करण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरले तर काय होईल?

देणारे तीन, घेणारा नायट्रेट. यादीनुसार तांबे आणि चांदी विरघळतील, सोने राहील. पण सोन्याचे प्रमाण जास्त असेल, तर सोन्याचे अणू बाकीच्यांना झाकून टाकतात आणि आम्ल आत पोचत नाही. पुन्हा तीच गोष्ट, शक्य असूनही घडत नाही. म्हणून आधी चांदी मिसळून वितळवतात, जेणेकरून सोन्याचा वाटा साधारण एक चतुर्थांश राहील. मग आम्लात चांदी व तांबे उतरतात आणि तपकिरी भुकटीच्या रूपात सोने तळाशी मिळते.

द्रावणात आता सिल्व्हर नायट्रेट आहे. त्यात तांब्याची पट्टी ठेवली, तर तांब्याचा +०.३४ चांदीच्या +०.८० पेक्षा लहान असल्यामुळे तांबे इलेक्ट्रॉन देईल आणि चांदी घेईल. तांबे २ देते, चांदीचा आयन १ घेतो, म्हणून १ तांब्याला २ चांदी. १०८ ग्रॅम चांदी मिळवायला सुमारे ३१.८ ग्रॅम तांबे खर्ची पडते, आणि द्रावण हळूहळू निळे होते. प्रत्यक्षात मात्र पट्टी या हिशेबापेक्षा जास्त झिजू शकते. तसे झाले तर द्रावणात मोकळे नायट्रिक आम्ल शिल्लक आहे असे समजावे, कारण तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेणारे तिथे दोघे आहेत: चांदीचा आयन आणि नायट्रेट. त्यासाठी पट्टी टाकण्यापूर्वीच मोकळे आम्ल संपवलेले किंवा पाण्याने पुरेसे विरल केलेले असावे.